"थोडंच तेल गळतंय" म्हणणाऱ्यांनो, एकदा ड्रम उघडून बघा



आजची नोंद भाताची नाही, जांभळाची नाही आणि भेंडीवरच्या हळद्याचीही नाही. आजची नोंद पिकअपच्या मागच्या चाकाची आहे. काही जण म्हणतील, शेतीच्या पानावर गॅरेज कशाला? तर शेतातून निघालेला माल बाजारापर्यंत जातो तो याच चार चाकांवर. त्यातलं एक चाक ब्रेक धरत नसेल, तर वर्षभराच्या आपल्या नोंदींना काय अर्थ उरतो?

आधी माझी चूक सांगतो. मग तुमच्याशी भांडतो.

होळीच्या सुमारास अंगणात गाडी उभी होती. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला काळपट ओल दिसली. बोट लावलं, वास घेतला. जाड तेल, गंधकासारखा उग्र वास. म्हणजे ॲक्सलचं गिअर ऑइल. मनात म्हटलं, थोडंच आहे, बघू नंतर. हे "बघू नंतर" आपल्या सगळ्यांच्या घरात कायमचं राहायला आलंय.

एप्रिलमध्ये ओल वाढली तेव्हा रस्त्यावरच्या एका गॅरेजला गाडी दाखवली. तो म्हणाला, "दादा, सील गेलंय, तासाभरात करून देतो." खरंच तासाभरात करून दिलं. चाक काढलं, ड्रम काढला, जुनं सील काढून नवीन ठोकलं. ब्रेकचे लायनर तेलाने चपचपीत झाले होते, ते पेट्रोलने धुतले, पुसले आणि परत बसवले. ९०० रुपये झाले. मी खूश, तोही खूश.

मे संपता संपता टायर परत ओला. मी काय केलं? अर्धा लिटर तेल घेतलं, वरून टाकलं आणि गाडी चालवत राहिलो. कारण जांभळाचा हंगाम.

बदलापूरचं जांभूळ बाहेरच्या मित्रांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण मानांकन मिळालं म्हणून फळ थांबत नाही. झाडावरून उतरवलं की एक-दोन दिवसांचा खेळ. पहिल्या पावसाने तडकतं, क्रेटमध्ये दाबलं की रस सुटतो. त्या दिवसांत गाडी एक दिवस उभी राहिली तर माल गेलाच समजा. म्हणून मी गाडी उभी केली नाही. हे कारण मला त्या वेळी फार पटलं होतं.

जूनचा दुसरा आठवडा. बारवी धरणाच्या रस्त्याने खाली येत होतो. हौद्यात क्रेट, आणि क्रेटच्या मागे टोपल्या घेऊन तीन बायका. त्यांना बदलापूरच्या बाजारात जायचं होतं. "दादा, सोडशील का स्टेशनपर्यंत?" म्हणाल्या, आणि मी नाही म्हटलं नाही. आपल्याकडे कोण नाही म्हणतं? रस्ता नुकताच ओला झालेला. उतारावर समोरून गुरं आली. ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. डावं मागचं चाक धरतच नव्हतं. स्टिअरिंग सांभाळत कडेच्या मातीत गाडी घातली, तेव्हा कुठे थांबली. चार क्रेट उलटे झाले. एका मावशीचं कोपर सोलटलं. तिने मला शिवी दिली नाही, नुसतं बघितलं. ते बघणं अजून डोळ्यासमोर आहे.

तीन महिने मला माहीत होतं. अपघात झाला असता तर मी काय सांगितलं असतं, ब्रेक फेल झाला? ब्रेक काही अचानक फेल झाला नव्हता. होळीपासून रोज थोडा थोडा जात होता आणि मी बघत होतो.

आता भांडण.

पहिलं भांडण "तेल टाकत राहा" वाल्यांशी

आपल्या भागात हा पंथ मोठा आहे. "अरे, गाडी म्हटल्यावर गळणारच. लेव्हल बघायची, तेल टाकायचं." इंजिनखाली चार थेंब पडतात तेव्हा हे एकवेळ ऐकून घेईन. पण मागच्या ॲक्सलचं सील चाकाच्या अगदी आतल्या अंगाला असतं. तिथून सुटलेलं तेल जमिनीवर पडायच्या आधी ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. जमिनीवर थेंब दिसतोय म्हणजे आत लायनर आधीच भिजलेले आहेत. तुम्ही वरून तेल टाकता ते थेट ब्रेकला पाजता.

आणि आपल्या बहुतेक पिकअपचा हँडब्रेक याच मागच्या चाकांवर चालतो. शेताच्या उतारावर गाडी लावून, हँडब्रेक ओढून, आपण मागे क्रेट भरत उभे राहतो. पोरं चाकाशी खेळत असतात. तो हँडब्रेक कशावर उभा आहे, याचा विचार केलाय कधी?

दुसरं भांडण "लायनर धुऊन घेऊ" वाल्यांशी

लायनर म्हणजे ताट नव्हे. तेल त्याच्या अंगात मुरतं. पेट्रोलने धुतलं, काकड्याने जाळलं, उन्हात वाळवलं, तरी वरची ओल जाते आणि आतलं तेल राहतं. घाटात दोन-चार वेळा ब्रेक दाबून ड्रम तापला की ते परत वर येतं. म्हणजे अंगणात ब्रेक छान लागतो आणि नेमका उतारावर दगा देतो. भिजलेले लायनर फेकायचे. आणि एका चाकाचे नाही, दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत जुने ठेवले तर गाडी परत एका अंगाला ओढते.

ड्रममधली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

तिसरं आणि मोठं भांडण "सील बदललं, झालं" वाल्यांशी

भेंडीची पानं पिवळी पडली की न बघता युरिया टाकणारा माणूस तुमच्या गावात असेल. पानाच्या शिरा पिवळ्या आहेत, हा हळद्या आहे, तो पांढरी माशी पसरवते, हे त्याला कोण सांगणार? युरियाने भेंडी अजून लुसलुशीत होते आणि माशीचं फावतं. त्या माणसाला आपण हसतो. मग गाडीच्या बाबतीत आपण वेगळं काय करतो? तेल दिसलं, सील बदला. सील का गेलं, हे कोणी विचारत नाही.

सील म्हणजे रबराचा एक ओठ, मागे बारीक स्प्रिंग. फिरणाऱ्या शाफ्टला तो ओठ चिकटून राहतो आणि आतलं तेल आत ठेवतो. वयाने रबर कडक होतं, तेव्हा ते बदलावंच लागतं. पण नवीन सील तीन आठवड्यांत गळायला लागलं तर दोष सीलचा नाही. माझ्या गाडीत तीन कारणं एकत्र निघाली.

एक, ब्रिदर. ॲक्सलच्या घरावर वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, किंवा तिथून एक नळी वर नेलेली असते. तिच्यातून आतली हवा श्वास घेते. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. ब्रिदर मोकळा असेल तर ती हवा बाहेर पडते. चिखलाने बुजला असेल तर हवा सगळ्यात कमजोर जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. माझा ब्रिदर चिखलाने सिमेंट भरल्यासारखा बंद होता. मागच्या पावसाळ्यापासूनच असणार.

दोन, बेअरिंग. चाक उचलून वर-खाली हलवलं तर खटखट जाणवत होती. बेअरिंग झिजलं की शाफ्ट मधोमध फिरत नाही, लंगडतो. लंगडणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

तीन, चरी. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे वर्षानुवर्षे बारीक चर पडते. नख फिरवलं आणि अडकलं, म्हणजे नवीन सील तिथे धरणार नाही. माझ्या गाडीत ओठ बेअरिंगच्या कॉलरवर चालतो, त्यामुळे नव्या बेअरिंगबरोबर नवी कॉलर आली आणि तो प्रश्न मिटला. ज्या गाडीत सील थेट शाफ्टवर चालतं, तिथे वर पातळ बाही चढवता येते किंवा शाफ्ट बदलावा लागतो.

पहिल्या गॅरेजवाल्याने यातलं एकही बघितलं नाही. पण त्याला एकट्याला दोष का देऊ? मी त्याला "का गेलं?" असं विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, "किती वेळ लागेल?"

उल्हासकाठच्या लोकांसाठी खास

आपण पाण्याकाठची माणसं. २००५, २०१९, २०२१, उल्हास नदीने प्रत्येक वेळी दाखवून दिलंय. जुलै २०१९ मध्ये तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, हजाराच्या आसपास माणसं बाहेर काढावी लागली. ते मोठे पूर सोडा, दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढणं आपल्याला नवीन नाही. "निघाली की नाही?" म्हणून मिशीला पीळही देतो.

ॲक्सलच्या आत तेव्हा काय होतं ते ऐका. दहा किलोमीटर चालून ॲक्सल तापलेला. तो एकदम गार पाण्यात जातो. आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रिदरमधून, नाहीतर सीलच्या ओठातून, पाणी आत शिरतं. नंतर तेल काढून बघाल तर ते दुधाच्या चहासारखं दिसेल. त्या तेलावर गाडी चालवली तर बेअरिंग गंजतं, क्राऊन-पिनियनचे दात खातात. तेव्हा बिल हजारात थांबत नाही.

म्हणून पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ॲक्सलचं तेल तपासायचं म्हणजे तपासायचंच. बऱ्याच गाड्यांच्या ब्रिदरला नळी जोडून ती हौद्याच्या खाली उंच बांधता येते. मेकॅनिकला विचारा. खर्च चहापाण्याएवढा.

काम कसं झालं पाहिजे

दुसऱ्या मेकॅनिककडे मी पूर्ण दिवस बसून राहिलो. नोंद वहीत लिहून आणली. माझ्या गाडीत शाफ्टवरच बेअरिंग दाबलेलं असतं. जड गाड्यांत हबमध्ये दोन बेअरिंगं असतात आणि खोलायची पद्धत वेगळी असते. तेव्हा हे वाचून स्वतः पाने घेऊन बसा असं मी म्हणत नाही. समोर उभं राहून काय बघायचं, तेवढं कळावं म्हणून लिहितोय.

१. आधी तेल कुठलं ते ठरवा. जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे सील. पातळ आणि रंग उडवणारं असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर. रोग वेगळा, औषध वेगळं.

२. गाडी सपाट जागी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून गुटके. मागचा ड्रम काढायचा म्हणून हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे गुटके महत्त्वाचे. जॅकने उचलून ॲक्सलखाली घोडी लावायची. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून कोणी खाली शिरत असेल तर त्याला ओढून बाहेर काढा.

३. ड्रम काढायच्या आधी चाक हलवून आणि फिरवून बघा. खटखट किंवा घरघर असेल तर बेअरिंग संपलं.

४. शाफ्ट बाहेर आला की कॉलर ग्राइंडरने अर्धवट कापून छिन्नीने फोडतात. गॅस लावून तापवू देऊ नका, शाफ्टचं पाणी उतरतं. नवीन बेअरिंग आणि कॉलर प्रेसवरच बसवायची, घणाने नाही. माझं काम अंबरनाथच्या एका लेथवाल्याकडच्या प्रेसवर झालं.

५. सीलची जागा स्वच्छ पुसायची, तिथे ओरखडा नको. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला तेलाचं बोट लावायचं. कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं. सपाट गुटका ठेवून चारी बाजूंनी सारखं बसवायचं. तिरकं बसलं की गेलं. शाफ्ट आत घालताना त्याच्या दातांनी ओठ फाटतो, म्हणून शाफ्ट हातावर तोलून घालायचा.

६. ब्रिदर काढून धुवायचा, फुंकून बघायचा. हवा गेली पाहिजे.

७. तेल गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच दर्जाचं. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, गाडी सपाट असताना. "जास्त टाकलं तर चांगलं" हा खताचा नियम खतालाही लागू नाही आणि इथेही नाही. जास्तीचं तेल सीलवरच चढतं.

८. नवे लायनर, ब्रेक ॲडजस्ट, मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात दोन-चार वेळा ब्रेक मारून बघायचा. आठवड्याने परत चाकामागे वाकून बघायचं.

माझं बिल झालं ५,४०० रुपये. बेअरिंग, कॉलर, सील, दोन्हीकडचे लायनर, तेल आणि मजुरी धरून. एप्रिलमध्येच नीट केलं असतं तर ९०० वाचले असते, चार क्रेट वाचले असते, आणि मावशीच्या डोळ्याला डोळा देता आला असता.

"पैसे कुठून आणू?"

हा प्रश्न खोटा नाही. हंगामात हातात पैसा नसतो आणि गाडी उभी ठेवली की माल सडतो. मीच त्यातून गेलोय, त्यामुळे कोणाला शहाणपण शिकवत नाही. पण हिशेब मांडू.

ब्रिदर साफ करायला शून्य रुपये लागतात. चाकामागे वाकून बघायला शून्य रुपये लागतात. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्याकडे भाताची कामं नसतात आणि जांभूळ उतरायचं असतं. बांधबंदिस्ती तेव्हा करतो, तशी गाडीही तेव्हाच खोलायची. आणि खरोखरच पैसे नसतील, तर सील गळतंय तोवर भार अर्धा करा, घाट टाळा, आणि हौद्यात माणूस बसवू नका. तसंही मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्याला मान्य नाही. काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारतो. पण कायदा राहू द्या. लावणीला बायका नेताना त्या आपल्याला विचारत नाहीत की दादा, ब्रेक बरा आहे ना? त्या गृहीत धरतात. त्या गृहीत धरण्याची किंमत सीलपेक्षा जास्त आहे.

गटांना आणि कृषी सल्लागारांना

शेतकरी गटाची सामायिक गाडी असेल तर हाल विचारू नका. सगळे चालवतात, कोणी वाकून बघत नाही. ज्याच्या दारात गळली त्याच्यावर खर्च, म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन लावायची, हेही मी पाहिलंय. गटाच्या हिशेबाच्या वहीत एक पान गाडीचं ठेवा. तेल कधी बदललं, ब्रिदर कधी साफ केला, पाण्यातून कधी काढली. फवारणीची तारीख लिहितो तसंच.

आणि सल्लागार मित्रांनो, तुम्ही आमच्या बांधावर येता, माती परीक्षण सांगता, काढणीनंतरचं नुकसान कमी करा म्हणता. बरोबर आहे. पण काढणीनंतरचं नुकसान म्हणजे फक्त क्रेट आणि शीतगृह नव्हे. क्रेट ज्या हौद्यात ठेवले त्या गाडीचा ब्रेकही त्यात येतो. तुमच्या प्रशिक्षणाच्या दिवसात एक तास गाडीला द्या. गावातल्याच एखाद्या चांगल्या मेकॅनिकला बोलवा आणि एक ड्रम सगळ्यांसमोर उघडून दाखवा. दहा स्लाइडपेक्षा तेलाने भिजलेला एक लायनर जास्त शिकवेल.

परवा त्या मावशी परत भेटल्या. मी म्हटलं, "मावशी, गाडी नीट केली." त्या म्हणाल्या, "बरं केलंस. पण मी आता रिक्षाने जाते."

त्यांचं काही चुकलं नाही.

उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी दोन्ही मागच्या चाकांच्या आतल्या अंगाला हात फिरवा. हात कोरडा आला तर निघा. ओला आला तर माल उतरवा, मग बोलू. 

बेलवलीहून, पावसात.